खोक्यावर टाक्यांचा आकडा नको, मापे हवीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती शिलाई मशीनच्या जाहिरातीत पहिला आकडा येतो तो टाक्यांचा. साठ टाके, शंभर टाके, दोनशे टाके. घरच्या शिवणाला आणि गोधडीला लागणारे टाके मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: सरळ टीप, झिगझॅग, काज, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा टाका आणि बाहेरून न दिसणारी तुरपाई. बाकीची पानेफुले हौसेने एकदा करून पाहिली जातात आणि मग त्या बटणाकडे कुणी फिरकत नाही. कामाला येणारी मापे खोक्यावर सहसा सापडत नाहीत. ती छापली जावीत आणि खरेदीविषयी लिहिताना वृत्तपत्रांनीही तीच द्यावीत, यासाठी हे पत्र.

सगळ्यात महत्त्वाचे माप म्हणजे सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. साध्या घरगुती मशीनवर ती साधारण १६ ते १७ सेंटिमीटर भरते, तर खास गोधडीसाठी बनवलेल्या मशीनवर २० ते २८. कपडे किंवा पडदे शिवताना हा फरक जाणवत नाही, कारण बहुतेक कापड डावीकडे पसरलेले असते. २२० सेंटिमीटर रुंद गोधडीच्या मधोमध टीप घालायची तर तिचा अर्धा भाग, म्हणजे ११० सेंटिमीटर, गुंडाळी होऊन त्याच जागेत मावावा लागतो, आणि तोही वरचे कापड, भरण, अस्तर अशा तीन थरांचा. जागा कमी पडली की गुंडाळी खांबाला अडते, कापड नीट सरकत नाही आणि टाके बारीक होत जातात. मग शिवणारी व्यक्ती कापड हाताने ओढते, सुई वाकते, सुईखालच्या छिद्राच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. दोष सुईला दिला जातो.

लहान मशीनवर मोठी गोधडी होतच नाही असे नाही. भरण पातळ घ्यावे, तिन्ही थर दर १० सेंटिमीटरवर पिनांनी पक्के करावेत, टिपा मधून कडेकडे न्याव्यात. मशीनच्या डावीकडे आणि मागे तेवढ्याच उंचीचे टेबल लावावे, म्हणजे गोधडीचा भार लोंबकळून सुईवर येत नाही. बाळाच्या दुपट्यांना आणि लहान गोधड्यांना १६ सेंटिमीटर पुरतात. दुहेरी पलंगाच्या गोधड्या वरचेवर करायच्या असतील तर २० च्या खाली जाऊ नये, मग टाके दहाच असले तरी चालतील.

दुसरी गोष्ट कापड सरकण्याची. मशीनचे दाते खालून असतात, ते खालचा थर ओढतात आणि वरचा थर दाबपट्टीखाली घासत मागे राहतो. दोन पातळ कापडांत हे खपून जाते. तीन थरांत मात्र टिपेच्या शेवटी वरचे कापड उरते आणि चुणी पडते. त्यावर इलाज म्हणजे वॉकिंग फूट, नेहमीच्या दाबपट्टीच्या (तिलाच फूट म्हणतात) जागी बसवायचा वेगळा फूट. त्याला स्वतःचे दाते असतात आणि सुईच्या स्क्रूवर टेकणाऱ्या दांडीमुळे ते सुईबरोबर हलून वरचा थरही पुढे नेतात. मोकळ्या हाताने वळणदार नक्षी काढायची असेल तर उलट गरज असते: दाते खाली उतरवता आले पाहिजेत आणि कापड हाताने हवे तसे फिरवू देणारा डार्निंग फूट बसला पाहिजे. तेव्हा टाक्याची लांबी आपल्या हाताच्या वेगावर ठरते. हे फूट मशीनबरोबर मिळतील असे नाही, आणि वेगळे घेताना दांड्याची, म्हणजे फूट ज्यावर स्क्रूने बसतो त्या दांडीची, उंची चुकली तर ते बसत नाहीत. फूट खाली सोडून पत्र्यापासून त्याच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजावे. साधारण १९ मिलिमीटर आले तर आखूड दांडा, २५ च्या पुढे गेले तर उंच.

गोधडीचे तुकडे जोडण्यात कडेपासून पाव इंचावरची शिलाई सांभाळावी लागते. एका ओळीत १२ तुकडे असतील तर ११ जोड होतात. प्रत्येक शिलाई एक मिलिमीटर जास्त आत गेली तर दोन्ही बाजूंचे मिळून जोडामागे दोन मिलिमीटर जातात आणि ओळ २२ मिलिमीटर आखूड होते. म्हणून पाव इंचाचा फूट, सुई डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय, आणि शक्य तर सरळ टिपेचा, एकाच गोल छिद्राचा पत्रा पाहावा. झिगझॅगच्या रुंद छिद्रात तुकड्याचे टोक सुरुवातीलाच खाली ओढले जाते. असा पत्रा लावल्यावर चुकून झिगझॅग निवडला तर सुई पत्र्यावर आदळते, हे मात्र लक्षात ठेवावे.

सुई आणि बॉबिन यांचे प्रकार आधी विचारून घ्यावेत. बहुतेक घरगुती मशीनना १३०/७०५ एच या प्रकारची, एका बाजूने चपटी सुई लागते. कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई त्यात चालत नाही. गोधडीला ७५ किंवा ९० नंबर, जीन्सला १००, ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची. सुमारे आठ तास शिवल्यावर सुई बदलावी. टाका सुटण्याचे पहिले कारण बोथट सुईच असते. बॉबिन दिसायला सारख्या असतात, पण त्यांच्या उंचीत दोन मिलिमीटरपर्यंत फरक असतो. चुकीची बॉबिन बसते, फिरते, आणि खाली गुंता होतो.

मोटरचे वॅट पाहून ताकद ठरवू नये. तो विजेच्या खपाचा आकडा आहे, सुईच्या जोराचा नाही. खरी परीक्षा सावकाश चालवण्यात आहे. जीन्सचे आठ थर घडी करून पॅडल अगदी हळू दाबावे. मोटर नुसती घुमत राहिली आणि हाताने चाक फिरवल्याशिवाय सुई खाली गेली नाही, तर ते मशीन जाड कामाचे नाही. चांगल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे मशीन एकेक टाका घेत जाते.

कॉम्प्युटरचे मशीन की साधे बटणांचे, यावर फार वाद घालण्यासारखे नाही. थांबल्यावर सुई कापडात खालीच राहण्याची सोय गोधडीचे कोपरे वळवताना फार उपयोगी पडते, आणि ती बहुधा कॉम्प्युटरच्या मशीनवर मिळते. साधे मशीन दुरुस्त करणे सोपे, आणि त्याचे भाग जास्त ठिकाणी मिळतात. जवळपास दुरुस्ती होत नसेल तर साधेच घ्यावे, असे आमचे मत.

दुकानात मशीन दाखवताना खळीचे, कडक सुती कापड पुढे केले जाते. त्यावर कोणतेही मशीन छान शिवते. आपले कापड सोबत न्यावे: सुती कापडाचे दोन तुकडे, भरण घातलेला तीन थरांचा चौकोन, जीन्स, टीशर्टचे कापड आणि एखादे तलम कापड. वर लाल आणि बॉबिनला निळा दोरा घालून टीप मारावी. खालच्या बाजूला लाल दोरा वर आलेला दिसला तर वरचा ताण सैल आहे, किंवा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नाही. फूट उचलूनच दोरा ओवावा, कारण चकत्या तेव्हाच उघडतात. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त. नेमक्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या ३० सेंटिमीटर शिवून शेवटी टोके जुळतात का पाहावे. एक काज करावे, आणि लगेच तसेच दुसरे. दोन्ही सारखी आली पाहिजेत. जीन्सच्या जाड जोडावर चढताना फूट तिरका होऊन टाके साचत असतील, तर मागून तेवढ्याच जाडीची घडी ठेवून पुन्हा पाहावे. तरीही अडले तर ते मशीन सोडून द्यावे.

उत्पादकांकडे मागणी साधी आहे: सुईपासून खांबापर्यंतची जागा, फूट किती उचलला जातो, दांडा आखूड की उंच, सुई आणि बॉबिनचा प्रकार, दाते उतरतात की नाही, आणि सरळ टिपेचा पत्रा मिळतो की नाही, एवढे खोक्यावर ठळक छापा. आपल्या दैनिकात यापुढे मशीनची तुलना येईल तेव्हा टाक्यांच्या रकान्याआधी या मापांचे रकाने द्यावेत, ही विनंती.

आपल्या,
शिवणकाम शिकवणाऱ्या वाचक