निघोजची घळ भूकंपाने पडलेली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाला घेऊन निघोजला कुकडी नदीचे रांजणखळगे बघायला गेलो होतो. शेजारीच मुलांची सहल आली होती. 'भूकंपात जमीन फाटली आणि ही घळ झाली,' असे त्यांना सांगितले गेले आणि मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतले. फार वाईट वाटले, कारण खरे उत्तर त्यांच्या हाताशीच होते.

भाकरी मोडली तर तिचे दोन तुकडे पुन्हा एकमेकांना जुळतात. जमीन फाटली असती तर घळीचे काठही तसेच जुळले असते. इथे इकडची भिंत आत खोलगट आणि समोरचीही खोलगट. हात फिरवला तर कातळ घोटल्यासारखा गुळगुळीत. नीट पाहिले की या खोलगट जागा म्हणजे उभे कापलेले अर्धे रांजण आहेत, हे कळते. पुराच्या भोवऱ्यात गोटे अडकतात आणि गरगर फिरत जात्यासारखा कातळ दळतात. खळगा रुंदावतो, शेजारच्या खळग्यापर्यंतची भिंत पातळ होऊन फुटते आणि रांजणाला रांजण जोडत घळ तयार होते. आम्ही एका कोरड्या रांजणात वाकून पाहिले, तर तळाच्या वाळूत लिंबाएवढे चार-पाच गोटे होते, अगदी वाटोळे.

अर्धे रांजण भिंतीवर बरेच वरही दिसतात. ते वाहत्या पाण्याच्या तळालाच कोरले जातात, म्हणजे कधीकाळी नदी त्या उंचीवरून वाहत होती. भूशास्त्रज्ञ अशाच खुणांवरून नदी कशी खाली उतरत गेली ते वाचतात. हा काळा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जे कापले गेले ते आधीचे, म्हणून घळ त्याहून नंतरची, एवढे तर शाळकरी मुलालाही सांगता येते. लाव्हा थंड होताना आकसून पडलेल्या भेगा कातळात असतात आणि पाणी त्या धरून आत शिरते, हे खरे. पण कोरण्याचे काम पाण्याचे आणि गोट्यांचे.

तेव्हा विनंती एवढीच, की भिंतीवरचा एखादा अर्धा रांजण बाणाने दाखवून ही हकीकत सांगणारा मराठी फलक तिथे लावावा. पलीकडे टाकळी हाजीच्या काठावरही लावावा, तिकडूनही लोक येतात. आणि रांजणातले गोटे कोणी आठवण म्हणून घरी नेऊ नयेत, असेही त्यावर ठळक लिहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, शिरूर