वयोश्रीचे पैसे आले, काठीचं माप कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना ३००० रुपये एकरकमी थेट खात्यात मिळतात. काठी, ट्रायपॉड (तीन पायांची काठी), वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असं साहित्य त्यातून घ्यायचं. योजना गरजेचीच आहे. पण दुकानातून काठी येते ती उंची न मोजता, आणि चुकीच्या उंचीची काठी आधार देण्याऐवजी तोल घालवते.

माप घेणं दोन मिनिटांचं काम आहे. रोजची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर हीच काठीची उंची. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. काठी लांब झाली तर खांदा वर चढतो आणि मान धरते. आखूड झाली तर माणूस पुढे झुकतो, कंबर दुखायला लागते. ॲल्युमिनियमच्या काठीचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आल्याशिवाय तिच्यावर भार टाकू नये. लाकडी काठी कापायची तर खालच्या रबराची जाडी आधी वजा करावी.

सगळ्यात जास्त चुकतो तो हात. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरलेले आजी-आजोबा जागोजागी दिसतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

अर्धांगवायूत एक हात निकामी असेल तर साधा वॉकर देऊ नका, तो उचलायला दोन्ही हात लागतात. अशा माणसाला चांगल्या हातात ट्रायपॉड द्यावा. मात्र त्याचे तिन्ही पाय एकदम टेकायला हवेत आणि जिन्याच्या अरुंद पायरीवर ते मावत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगावं.

आणि ते रबर! तळाच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या की मोरीच्या ओल्या फरशीवर काठी सटकते. पुढे रबर फाटून आतली नळी बाहेर येते, तरी तीच काठी वर्षानुवर्षं चालू असते. महिन्यातून एकदा काठी उलटी करून बघावी. नवं रबर अगदी स्वस्त असतं, फक्त नळीच्या जाडीचं घ्यावं. सैल बसलं तर ऐन पावलाला निघून येतं.

समाजकल्याण विभागाला विनंती आहे की योजनेच्या अर्जात ‘मनगटापर्यंतची उंची’ आणि ‘कोणता पाय अधू’ असे दोन रकाने घालावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात टेपने माप घेऊन ते भरून द्यावेत आणि अर्जाची एक प्रत दुकानात दाखवण्यासाठी ज्येष्ठांच्या हाती ठेवावी.

— एक फिजिओथेरपिस्ट, सांगली