जळीत उसाच्या गावात मुखवटेवाला कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत ती फायरमनची क्रमशः कथा चालूय ना, ती आमच्या घरात सासूबाईंपासून सगळे वाचतात, पेपर आधी कुणी घ्यायचा यावरनं भांडणं होतात. प्रेमप्रकरण मस्त रंगलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार आग लावणाऱ्याबद्दल आहे. गाव दाखवलंय सांगली जिल्ह्यातलं आणि आगी लावतोय कोण, तर ज्वाळा बघून खदाखदा हसणारा मुखवटेवाला! अहो, आमच्याकडं असं कोण पेटवत नाही ओ.

आमच्याकडं ऊस पेटतो. आणि पेटला की बंब यायच्या आधीच चर्चा सुरू, विजेच्या तारा घासल्या का कुणी आग लावली? बांधाचा वाद असतो, भाऊबंदकी असते, आणि कधी कधी तर कारखान्याची ऊसतोड मिळेना म्हणून मालकानंच काडी लावली अशी कुजबुज असते, कारण जळीत ऊस लवकर न्यावा लागतो, वजन घटतं, दरात कपात होते, पण रान तरी मोकळं होतं. म्हणजे ज्याचं जळालं त्याच्यावरच संशय! एवढा सस्पेन्स बांधावर आयता पडलाय आणि लेखकसाहेब मुखवटा शोधत बसलेत.

तपास पण जरा नीट दाखवा. समजा अख्खं गाव म्हणतंय तारा घासून ठिणगी पडली, आणि हिरॉईनला सबस्टेशनच्या रजिस्टरमध्ये दिसतं की त्या रात्री शेतीच्या फीडरला, म्हणजे रानातल्या विजेच्या लाईनला, लाईटच नव्हती, मग? मला तर लिहितानाच काटा आला. तुमच्या हिरोनं मात्र पेट्रोलचा वास येणारी माती रुमालात बांधून आठवडाभर खिशात ठेवली. असला नमुना हवाबंद डब्यात सील करून लॅबला पाठवतात हो, नाहीतर पेट्रोल उडून जातं, मग कोर्टात काय रुमाल दाखवणार?

आणि हिरॉईन नुसती १०१ ला फोन लावून रडते. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ सालीच शिकायला गेल्या, देशातल्या पहिल्या महिला फायरफायटर म्हणून त्यांचं नाव घेतात. हिलाच बंबावर चढवा की.

कालच्या भागावरनं वाटतंय शेवटी फायर ब्रिगेडचा साहेबच आग लावणारा निघणार. असं घडतच नाही असं नाही, कॅलिफोर्नियात ग्लेंडेलचा जॉन ऑर स्वतः आगींचा तपास करायचा आणि स्वतःच आगी लावायचा, १९८४ च्या एका दुकानाच्या आगीत चौघं गेली, १९९८ ला त्याला जन्मठेप झाली, आणि आग लावणाऱ्या फायरमनवर त्यानंच लिहिलेली कादंबरी त्याच्याविरुद्ध पुरावा झाली. पण ते तिकडचं. इथं २०१९ च्या पुरात लोकांना बाहेर काढायला हीच अग्निशमनची पोरं पाण्यात होती, त्यांना उगाच व्हिलन करू नका. मला विचाराल तर उसाच्या मालकाचा धाकटा भाऊच जास्त शोभतो, फार गोड बोलतोय तो.

लग्न मात्र लावा. फक्त मुहूर्त १४ ते २० एप्रिलमधला धरू नका, १९४४ साली मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला त्यात गेलेल्या जवानांच्या आठवणीत तो अग्निशमन सेवा सप्ताह असतो, रोज कुठं ना कुठं प्रात्यक्षिकं, नवरदेवाला रजा कोण देणार?

आपली,
एक वाचक, मिरज