नव्या सोफ्यांआधी लाउंजच्या छताचे पाहावे

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : लाउंजमध्ये घुमणारा आवाज आणि बसण्याची मांडणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे सोफे व मोठा टीव्ही घेण्याचा विषय येत्या सभेपुढे आहे. ही खरेदी तूर्त थांबवावी, ही विनंती. लाउंज रिकामा राहतो तो सोफे जुने झाले म्हणून नव्हे. तिथे दोन घोळके बोलू लागले की कोणाचेच नीट ऐकू येत नाही.

लाउंज ८ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच. म्हणजे १४४ घनमीटर. खाली टाइल्स, वर प्लास्टर, एका बाजूला काच. आवाज शोषणारे काहीच नाही, त्यामुळे तो विरायला हिशेबाने ३ सेकंद लागतात. बोलणे स्पष्ट कळायला हा वेळ ०.६ ते ०.८ सेकंदच असावा. दारे लावून एक टाळी वाजवली तरी हे कळते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांचे हाल सर्वांत जास्त, कारण यंत्र बोलण्याबरोबर घुमलेला आवाजही वाढवते.

खरे काम छताचे आहे. ०.७ शोषणांकाच्या (म्हणजे आदळलेल्या आवाजाचा सुमारे ७० टक्के भाग शोषणाऱ्या) अकुस्टिक टाइल्स सगळ्या ४८ चौरस मीटरवर लावल्या तर हिशेबाने हा वेळ ०.६ सेकंदाच्या आसपास येतो. प्रत्यक्षात थोडा जास्त राहील, कारण समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत आवाज ये-जा करत राहतो. म्हणून एका लांब भिंतीवर ५० मिलिमीटर जाडीची कापडी पॅनेल हवीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आवाज शोषायला अंड्यांचे ट्रे निरुपयोगी. साधा फोम तर मुळीच नको. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पुढच्या रंगकामात टाइल्सवर ऑइलपेंट मारू देऊ नये, छिद्रे बुजली की शोषण संपते.

मग मांडणी. सोफे भिंतींना चिकटवून ठेवल्याने समोरचा माणूस पाच मीटर लांब बसतो, शेजारच्याकडे मान वळवून बोलावे लागते. दोन आसने काटकोनात, चार ते सहा जणांचा गट, मध्ये व्हीलचेअर जाईल अशी किमान ९० सेंटिमीटरची वाट. काही खुर्च्या ४५ सेंटिमीटर उंचीच्या आणि हात असलेल्या घ्याव्यात. खोल, मऊ सोफ्यातून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. टीव्ही दुसऱ्या खोलीत असावा. तो चालू असला की गप्पा बंद पडतात.

कोटेशन मागवताना टाइल्सचा शोषणांक व आगचाचणीचा दाखला लेखी मागावा. धूरसूचक आणि स्प्रिंकलर झाकले जाणार नाहीत, हेही त्यातच लिहून घ्यावे. छताचा मापांसह आराखडा सोबत जोडला आहे.

आपला,
एक सभासद