दार तासलं नाहीत, त्याबद्दल

ती. सुतारकाकांस,
सा. न. वि. वि.

मजुरी घेतली तिथे हिशेब मिटला, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण जुनं घर हाती आलेली माझ्यासारखी माणसं गावोगाव आहेत आणि तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

२०२३ च्या जुलैत मी तुम्हाला एकाच कामासाठी बोलावलं होतं. ओटीवरून माजघरात जायचं दार फुगून चौकटीत अडत होतं, ते तासून हवं होतं. बाबा गेल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. त्याच्या आधीच्या महिन्यात शहरातल्या एका कंत्राटदाराने सगळ्या चौकटी उपटून फ्लश डोअर बसवायचा आकडा दिला होता आणि मी जवळजवळ होकार देऊन बसले होते. सगळं नवं होईल, हे ऐकायलाच त्या दिवसांत बरं वाटत होतं.

तुम्ही दाराच्या कडेवरून हात फिरवलात. हत्यारांची पिशवी उघडलीच नाहीत. "आता नाय तासायचं, बाय. दिवाळी होऊ दे," एवढं म्हणालात, चहा घेतलात आणि मजुरी न घेता भर पावसात निघून गेलात. मला तेव्हा रागच आला होता.

कारण तुम्ही दिवाळीनंतर सांगितलंत. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण फुगतं ते रुंदीला. लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून दार वर-खाली ठीक असतं आणि बाजूला अडतं. आषाढात रंधा मारून बेताचं बसवलेलं दार वैशाखात आखडतं, मग फटीतून पलीकडचा उजेड दिसतो, आणि तासून काढलेलं लाकूड काही परत लावता येत नाही. आमच्या दाराची आणखी एक अडचण तुम्ही हेरलीत. मधल्या फळ्या खाचेत मोकळ्या बसवलेल्या असतात, त्यांना हलायला जागा हवी. आम्ही वर्षानुवर्षं रंगावर रंग चढवून त्या जागच्या जागी चिकटवून टाकल्या होत्या. रंग खरवडल्यावर दार अर्धं सुटलं. रंधा लागला तो फक्त कडीच्या बाजूला, सूतभर.

मग तुम्ही चौकटीकडे वळलात. टोचा घेऊन खालपासून वरपर्यंत टोचत गेलात. खाली तो लोण्यात जावा तसा शिरला, वीतभर वर मात्र लाकूड दगडासारखं. बाबांनी कधीतरी फरशी उंच करून घेतली, तेव्हा सिमेंट चौकटीच्या पायांना भिडलं होतं आणि पाय खालून ओल ओढत राहिले होते. कुजलं होतं ते तेवढंच. कंत्राटदार आख्खी चौकट काढायला निघाला होता. तुम्ही कुजका भाग कापलात, जुन्या वाशातून निघालेलं ऐनाचं लाकूड तिरका सांधा करून जोडलंत, खुंट्या मारल्यात आणि पायाखाली जांभ्याचा तुकडा सरकवलात. फणसाची फळी आणि सागाची चौकट, दोन्ही माझ्या पणजोबांच्या वेळची. ती आज जागेवर आहेत ती तुमच्यामुळे.

मी शिकायचं म्हटलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हे मला विशेष सांगायचंय. गावात बाकीचे हसले होते. तुम्ही मला चिपळूणच्या बाजारात नेलंत आणि मी मोठा पॉवर टूलचा संच हातात घेतला तो परत ठेवायला लावलात. तीन पटाश्या म्हणजे लाकडाच्या छिन्न्या, एक करवत, एक छोटा रंधा, काटकोन बघायचा एक गुण्या, धारेचा दगड. बास. गुण्या निवडताना तुम्ही फळीच्या सरळ कडेला तो टेकवून रेघ मारलीत, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारलीत. दोन रेघा एकावर एक आल्या तरच तो खरा. चार गुण्ये असे बाजूला ठेवलेत, पाचवा घेतलात. दुकानदार वैतागला होता, तुम्ही शांत होतात.

पुढचे चार दिवस मला फक्त धार लावायला बसवलंत. पटाशीची पाठ आधी आरशासारखी सपाट, मग साधारण पंचवीस अंशांचा उतार, मग टोकाला जरासा चढा कोन. सागात बारीक वाळूसारखी सिलिका असते, ती धार लवकर खाते. म्हणून मध्येच थांबून पुन्हा दगडावर. बोथट हत्यारच जास्त लागतं, कारण त्याला जोर द्यावा लागतो, हे माझ्या डाव्या अंगठ्याने एकदा अनुभवलं.

स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटासाठी दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून जे प्लाय दाखवलं, त्याचा शिक्का तुम्ही आधी पाहिलात. आयएस ७१०, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक, असेल तरच घे, म्हणालात. त्याचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकतो का ते तपासलेलं असतं. मी आता दुकानात आधी शिक्का बघते, मग भाव विचारते.

आणि तो कटर मशीनचा दिवस. मी ओढणी मागे टाकली होती, हातात जाड हातमोजे होते आणि मला वाटत होतं मी पूर्ण तयारीत आहे. तुम्ही आधी प्लग काढलात, मग बोललात. ओढणी, बांगड्या आणि हातमोजेसुद्धा उतरवायला लावलेत, कारण फिरतं पातं मोज्याचा धागा धरतं आणि त्यामागे बोटं जातात. स्लीपर काढून बूट, अंगाला बसणारा सुती सदरा, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. पात्यावरचं झाकण कुणीतरी आधी काढून ठेवलं होतं, ते शोधून लावेपर्यंत तुम्ही काम सुरू होऊ दिलं नाहीत. तेव्हा मला ती अडवणूक वाटली होती. आज माझी दहा बोटं जागेवर आहेत आणि हे पत्र मी त्यांनीच लिहितेय.

आता माझं एक ऐका. तुमचा खोकला मी दोन वर्षं ऐकतेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच लाकडाचा भुसा कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरला आहे. नाकाच्या आतल्या पोकळीला त्याचा धोका असतो. मी आणून दिलेले एन-९५ मास्क तुमच्या पडवीत खिळ्याला टांगलेले दिसले. माझ्या ओढणीची जेवढी काळजी तुम्ही केलीत, तेवढी तुमच्या श्वासाची करा. प्लाय कापताना तरी लावा. मी दर महिन्याला नवे आणून देईन.

यंदाच्या आषाढात दार पुन्हा जरा जड चालतंय. मी रंधा काढलेला नाही. दिवाळी झाली की या, दोघं मिळून बघू.

तुमची,
ओटीवरच्या दारातली बाय