कमी चालणाऱ्या गाडीबद्दल मुक्तास पत्र

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, गाडी महिन्यातून एक-दोनदाच निघते, मग यंदा सर्व्हिसिंग कशाला?" तुझी आई शेजारी सीरियल बघत बसली होती, म्हणून तेव्हा फार बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

सर्व्हिसिंगचा हिशोब नुसत्या किलोमीटरवर नसतो. तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत बघ, बहुतेक दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असेल. तुझं वर्षच आधी भरणार. उभ्या गाडीतलं ऑइलही जुनं होतं, आणि तू तर सोसायटीपासून मंडईपर्यंत जाऊन परत येतेस. तेवढ्यात इंजिन धड तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्येच राहते. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघ. दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर तो या छोट्या फेऱ्यांचा प्रताप. मात्र थर पुष्कळ असेल किंवा कुलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर गॅरेजला दाखवायलाच हवं. ऑइलची पट्टी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी बघायची. ओढ, पूस, परत घाल, परत ओढ. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की झालं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईटच.

रोज खाली जाऊन दोन मिनिटं इंजिन चालू करतेस ते आधी बंद कर. स्टार्टर बॅटरीतून जेवढं ओढतो, तेवढं दोन मिनिटांत परत भरत नाही. शिवाय गाडी बंद असतानाही अलार्म, घड्याळ थोडं थोडं खातच असतात. त्यापेक्षा रविवारी अर्धा-पाऊण तास चांगली फिरवून आण. माझा मीटर तुझ्याकडेच आहे. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवला तर बॅटरी भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे अर्ध्यावर आलेली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्हची वायर सोडव, मग पॉझिटिव्हची. गरम पाण्याने धू, कोरडं कर, बोटभर व्हॅसलिन लाव. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

पावसात आठवडाभर उभी ठेवायची तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नकोस. मागच्या ब्रेकचे लायनर ओलीने चाकातल्या ड्रमला चिकटतात आणि मग गाडी जागची हलत नाही. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये टाक आणि चाकाला वीट लाव. निघताना वीट काढायची आठवण ठेव, हे सांगायला नको होतं, पण तुला ओळखतो. बॉनेट उघडून काचेखालच्या जाळीतली पानं काढ, नाहीतर पाणी तुंबून आत येतं. उंदरांसाठी कुणी तंबाखूची पानं टांगतात, कुणी स्प्रे मारतात, गॅरेजवाल्यांमध्येही यावर एकमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आईने दिलेला चिवडा गाडीत ठेवू नकोस.

आता ताम्हिणी घाटाचं. तुम्ही सगळे माणगावच्या बाजूला उतरणार म्हणतेस, तर दोन गोष्टींत मी ऐकणार नाही. पहिली ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, गाडी चालो न चालो, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल लिबलिबीत होऊन खाली जातं. आधीच्या मालकाने ते कधी बदललं त्याचं बिल नाही, तेव्हा बदलूनच घे. आणि ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. इंजिन बंद तर मुळीच नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

दुसरी गोष्ट टायर. नक्षी भरपूर आहे म्हणतेस, असणारच, चाललेत कुठे? नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण उन्हातान्हात उभं राहूनही रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि ओल्या रस्त्यावर असा टायर धरत नाही. हवा गाडी थंड असताना भरायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा पोरगा "मॅडम, पस्तीस टाकू?" विचारेल, त्याला स्टिकरवरचाच आकडा सांग. स्टेपनीतही भरायला लाव. नायट्रोजनचे वेगळे पैसे देऊ नकोस, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

गॅरेजमध्ये इंजिन फ्लशिंग, कसली कसली पॉलिश असं काहीबाही बिलात चढवतील. पुस्तिका पुढे ठेवून विचार, यात कुठे लिहिलंय? लिहिलं असेल तर कर. माझं म्हणणं आणि पुस्तिका यांत फरक पडला तरी पुस्तिकेचंच ऐक.

वायपरची रबरं बदल, पीयूसी आणि विम्याच्या तारखा बघून घे. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही. ढकलून बाजूला घ्या आणि टोइंगवाल्याला बोलवा.

आज संध्याकाळी खाली गेलीस की टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, त्यांचा फोटो पाठव. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. एखाद्या चाकावर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघ. पाचही टायरचे पाठव, स्टेपनीसकट. जुने निघाले तर ताम्हिणी पुढच्या महिन्यात, आणि टायरचे निम्मे पैसे मी देईन. आईला हे सांगू नकोस, ती सगळे द्या म्हणेल.

तुझा,
बाबा