अल्बमचं 'कधीतरी' नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू सहज म्हणालास, "लग्नाचे अडीच हजार फोटो हार्ड डिस्कवर पडलेत, अल्बमचं बघू कधीतरी." तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र. आमचेही फोटो चार वर्षं असेच पडून होते. अल्बम करायला घेतला तेव्हा एका फोटोत आजोबांशेजारी कोण बसलंय, हे सांगू शकणारी आजीच राहिली नव्हती.

फोटोंची निवड तुम्ही दोघांनीच करा, डिझायनरवर सोडू नका. त्याला प्रकाश कळतो, चौकट कळते. पण माणसं आपली असतात. माझा सगळ्यात लाडका फोटो तसा जेमतेमच आहे, थोडा हललेलाही. मागे कोपऱ्यात बाबा एकटेच उभे आहेत, चष्मा हातात, रुमालाने काच पुसतायत आणि डोळे भरलेले. फोटोग्राफरने तो बाद केला होता. मी त्याला अख्खं पान दिलं, भोवती कोरी जागा सोडून. अल्बम उघडला की आई अजूनही त्याच पानावर थांबते.

शंभरेक फोटो पुष्कळ झाले. एका पानावर दहा-बारा कोंबले की नजर कुठेच ठरत नाही. आणि त्या फुलापानांच्या बॉर्डरी, ढग, बदाम यांना सरळ नाही म्हण.

फाइल मूळच दे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा दर्जा उतरलेला असतो. बारा इंची चौकोनी पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, छापायचं तर ३६०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात. स्क्रीनवर लख्ख दिसणारा फोटो कागदावर बऱ्याचदा काळपट येतो, म्हणून आधी एकच पान छापून घे आणि दिवसाच्या उजेडात बघ. बांधणी पूर्ण सपाट उघडणारीच घे. आमच्या पहिल्या प्रतीत हिचा चेहरा नेमका दोन पानांच्या मधल्या खाचेत गेला. सगळं पुन्हा छापावं लागलं. कागद आम्लरहित आहे ना, तेही विचार, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो.

रविवारी मी येतोच. लॅपटॉप लावून ठेव, काका-काकूंनाही शेजारी बसव. आधी फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहून घेऊ, डिझाइनचं मग बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र